डावीकडे जाणारा नेम

वडील गेल्यावर घरातल्या बहुतेक वस्तूंनी तिला फारसा त्रास दिला नाही. कपडे एका संस्थेने नेले, खाट भंगारवाल्याने. उरलेली औषधं दुकानदार परत घेईना, ती कचऱ्यात गेली. अडून बसली ती बंदूक.

दुनळी बंदूक होती, चांगली जुनी. परवाना वडिलांच्या नावाचा, आणि परवाना माणसाबरोबरच संपतो, हे तिला परवाना कार्यालयातल्या अधिकाऱ्याने समजावून सांगितलं. सध्या ती बंदूकवाल्याच्या दुकानात जमा ठेवायची आणि महिनाअखेरपर्यंत तीनपैकी एक काहीतरी ठरवायचं. स्वतःच्या नावावर करून घ्या, परवाना असलेल्या कुणाला विका, नाहीतर कापायला द्या.

"कापायला म्हणजे?"

"यंत्राखाली घालतात. नळ्या, लाकडी दस्ता, सगळं. तुकडे झाले की तुम्ही मोकळ्या."

आणखी किती मोकळं व्हायचं, असं तिच्या मनात आलं. चाळिशी उलटून गेलेली, लग्न झालेलं नाही, भावंडं नाहीत, आणि आता घरात हाक मारायलाही कुणी नाही. पण कार्यालयात असलं काही बोलायचं नसतं. ती म्हणाली, "मग कापूनच टाका."

"त्याआधी बंदूकवाल्याकडून वर्णन लिहून आणा," अधिकारी म्हणाला. "काय कापलं ते आम्हाला कळायला हवं."

बंदूकवाल्याचं दुकान एका अरुंद रस्त्यावर होतं, एका बाजूला चपलांचं दुकान आणि दुसऱ्या बाजूला छत्र्या दुरुस्त करणारा. बंदूकवाला साठीचा, जाड भिंगांचा चष्मा लावणारा, वडिलांच्या नेमबाजी क्लबातला. बंदूक त्याच्याच कपाटात जमा होती. त्याने ती काढून काउंटरवर मऊ फडक्यावर ठेवली, आणि लिहिण्याआधी बराच वेळ हात फिरवत राहिला.

"कापणार?"

"मला काय उपयोग तिचा?"

"उपयोग तुमच्या वडिलांनाही नव्हता म्हणा," तो म्हणाला. "दर रविवारी यायचे, नेमासाठी पन्नास मातीच्या तबकड्या हवेत उडवायला लावायचे आणि अठ्ठेचाळीस साबूत परत पाठवायचे. आणि सगळे नेम डावीकडे. क्लबात नवा माणूस आला की पहिला धडा हाच, यांच्या डावीकडे उभं राहायचं तर आधी विमा काढ."

ती हसली. हा विनोद तिने घरीही ऐकला होता, वडिलांच्याच तोंडून. दर वर्षी क्लबाच्या समारंभात शेवटच्या नंबराला एक पत्र्याची तबकडी बक्षीस मिळायची. तशा तबकड्यांची घरी एक चळत होती. वडील त्यांवर गरम भांडी ठेवायचे.

"नळ्या जुन्या आहेत," बंदूकवाला लिहिता लिहिता बोलू लागला. "तुमच्या आजोबांच्या काळातल्या."

"आजोबांचीच आहे ती. बाबा तसंच सांगायचे."

"नळ्या असतील. दस्ता नाही." त्याने बंदूक उलटी केली. "लाकूड नंतरचं आहे. जुना दस्ता तडकला असणार, मग नवा करून घेतला. आणि तो करून घेतलाय डावखुऱ्या माणसासाठी."

तिने मान पुढे केली.

"इकडून बघा, मागून. दस्ता सरळ नाही, जरासा डावीकडे वळलाय. डाव्या खांद्याला लावला की डोळा बरोबर नळ्यांच्या मधोमध येतो. उजव्या खांद्याला लावलात की डोळा पडतो बाजूला, आणि नेम जातो डावीकडे. यात तुमच्या वडिलांचा काही दोष नाही. त्यांनी आयुष्यभर दुसऱ्याच्या मापाचा दस्ता वापरला."

तिला आठवला तो चष्मा. वडिलांचे नेम सगळे डावीकडे जातात हे ऐकून तिने त्यांना हट्टाने डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं होतं. डॉक्टर म्हणाला, नंबर आहे तसाच आहे. तरी तिने नवा चष्मा करून दिला, तिच्या पैशांनी, चांगल्या काचांचा. दोन वर्षांनी पुन्हा नेलं, पुन्हा करून दिला. दोन्ही वेळा वडील मुकाट्याने आले, फळ्यावरची अक्षरं वाचली, नवा चष्मा घातला, "वा, आता स्पष्ट दिसतं" म्हणाले आणि पुढच्या रविवारी पुन्हा डावीकडे मारून आले.

"त्यांना हे ठाऊक होतं?"

"ठाऊक नसायला काय झालं? मीच सांगायचो. म्हटलं, गरम तेल सोडून, शिकंज्यात धरून वळवून देतो, एका दिवसाचं काम आहे. म्हणाले, राहू दे, सवय झाली. मी म्हटलं, हरायची सवय झाली? तर म्हणाले, हो, तीच."

"मग कुणाचा हा दस्ता?"

"ते मला कसं ठाऊक असणार? मी क्लबात आलो तेव्हापासून बंदूक त्यांच्याच हातात." त्याने दस्ता खिडकीजवळ उजेडात धरला. "पण माणूस जरा दिसतो. पकड बारीक आहे, म्हणजे हात नाजूक. गाल टेकतो ती जागा खाली उतरवलीय, म्हणजे मान लांब. तुमच्यापेक्षा उंच, चार बोटं तरी. आणि ही चकाकी पाहा. दस्त्याच्या डाव्या अंगाला रंग पार गेलाय, तिथे तुमच्या वडिलांचा गाल. उजव्या अंगालाही थोडा गेलाय. तिथे त्याचा, ज्याच्यासाठी केला त्याचा. त्याने थोडीच वर्षं वापरली."

त्याने भविष्य सांगितल्यासारखं काही केलं नव्हतं, हे तिला कळत होतं. ती स्वतः तेच काम करत होती. दातांच्या कवळ्या बनवायची. दवाखान्यांतून तोंडाचे ठसे यायचे, त्यांवरून ती प्लास्टरचे साचे ओतायची, मेणात दात बसवायची. ज्यांच्या तोंडात ते जायचे ती माणसं तिने कधी पाहिली नव्हती. पण कोण एकाच बाजूने चावतं, कोण झोपेत दात खातं, कोण ब्रश डाव्या हातात धरतं, हे साचा हातात घेतला की कळायचं. दिवसभर ती परक्या माणसांच्या जबड्यांशेजारी बसून असायची आणि संध्याकाळी कुलूप लावून घरी यायची.

"वर्णन आज नको लिहू," असं ती म्हणणार होती. पण बंदूकवाल्याला अरेतुरे करण्याइतकी ओळख नव्हती. "वर्णन आज राहू द्या," ती म्हणाली. "मी विचारून येते."

"कुणाला?"

विचारता येईल असं एकच माणूस उरलं होतं.

आत्या वृद्धनिवासात राहायची. वडिलांशी तिचं बोलणं कधी बंद झालं ते हिला आठवत नव्हतं, हिने त्यांना एकमेकांशी बोलताना पाहिलेलंच नव्हतं. वडील गेल्याचं फोनवर कळवलं तेव्हा आत्या म्हणाली होती, "बरं." थोड्या वेळाने विचारलं होतं, "त्रास झाला का फार?" आणि नाही म्हटल्यावर फोन ठेवला होता.

खोली लहान, स्वच्छ, खिडकीत एक कुंडी. आत्या खुर्चीत बसून उशीच्या अभ्र्याला टाके घालत होती.

"आलीस? तू बापावर गेलीस. काम निघाल्याशिवाय यायची नाहीस."

"तुम्ही तरी कुठे आलात?"

"मला गुडघे आहेत. तुला काय आहे?" तिने पायानेच स्टूल पुढे सरकवलं. "बस. वाळलीस. एकटीपुरतं करत नसशील काही."

"करते."

"काय करतेस ते दिसतंय. बोल, काय काम आहे?"

तिने बंदुकीचं सांगितलं. डावखुऱ्याचा दस्ता, लांब मान, नाजूक हात. बोलत होती तोवर आत्याची सुई थांबली नाही. पण टाका चुकला, आणि तिने तो उसवून पुन्हा घातला.

"कापून टाक," आत्या म्हणाली. "चाळीस वर्षांपूर्वीच कापायला हवी होती."

"कुणासाठी केला होता तो दस्ता?"

"कुणासाठी म्हणजे? तुझ्या आईसाठी."

आई गेली तेव्हा ती तीन वर्षांची होती. रक्ताचा आजार निघाला आणि दोन महिन्यांत संपलं, एवढं वडिलांनी एकदा सांगितलं होतं. घरात आईचा एकच फोटो होता, लग्नातला. त्यात आई खाली बघत होती, हात मांडीवर. त्या फोटोतली बाई बंदूक उचलेल हे तिच्या कधी स्वप्नातही आलं नव्हतं.

"आई बंदूक चालवायची?"

"चालवायची म्हणजे? वेड होतं. लग्नाआधीपासून त्या क्लबात. तुझा बाप तर आवाज झाला की डोळे मिटायचा, तो काय बंदूक हातात घेतोय? तो काडतुसांची पिशवी खांद्याला लावून हिच्या मागे उभा. लोक काय म्हणत असतील, मी म्हणायचे. तो म्हणायचा, लोकांना म्हणू दे, तू बघायला ये. मी कशाला जातेय?"

"आणि डावखुरी?"

"पक्की. माझ्याकडे शिवण शिकायला बसली. कात्रीच चालेना. मला म्हणते, वन्सं, ही कात्री उलटी आहे. मी म्हटलं, कात्री नीट आहे, तूच उलटी आहेस." आत्याच्या ओठांच्या कडेला काहीतरी हललं, पण तिने ते लगेच आवरलं. "बंदुकाही सगळ्या उजव्या. मागून मागून उडवायची आणि घरी येऊन कुरकुर करायची. आमच्या वडिलांची बंदूक कपाटात पडून होती, दस्ता तडकलेला. वडिलांच्या आठवणीची म्हणून ठेवलेली. तुझ्या बापाने मला न विचारता ती नेली आणि दस्ता कापून आणला हिच्या मापाचा. वळवलेला. दुसऱ्या कुणाला वापरता येणार नाही असा. आमच्या वडिलांची वस्तू."

"म्हणून तुम्ही भांडलात?"

"मी भांडले नाही. मी एक साधा प्रश्न विचारला. म्हटलं, उद्या ही रुसून माहेरी गेली, तर ही बंदूक उडवणार कोण? चुकीचं विचारलं का?"

आत्याने दोरा दाताने तोडला.

"मग?"

"मग काय, गेली. माहेरी नाही, तशीच. तेराव्याच्या आत तुझा बाप बंदूक घेऊन क्लबात गेला म्हणे. डोळे मिटणारा माणूस. मला कुणीतरी सांगितलं. मी म्हटलं, करू दे त्याला काय करायचं ते. मला सांगायला तो आला नाही, मी विचारायला गेले नाही."

उशीचा अभ्रा पुरा झाला होता. आत्याने तो झटकला, घडी घातली आणि पुन्हा उलगडून बघितला.

तिच्या मनात मात्र हिशेब जुळत गेला, तिला नको असतानाही. दर रविवार. पाऊस असो, ताप असो, ती आजारी असो. पत्र्याच्या तबकड्यांची चळत. दोन चष्मे. कोण उडवणार, या एका प्रश्नाला तो माणूस दर आठवड्याला उत्तर देऊन येत होता, आणि जिने प्रश्न विचारला तिच्याशीही बोलत नव्हता, आणि घरी जी वाट बघत बसायची तिलाही सांगत नव्हता.

"आत्या, ती उभी कशी राहायची?"

"उभी कशी म्हणजे? दोन पायांवर."

"नेम धरताना."

आत्याने पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. "ते मला कसं ठाऊक असणार?" ती म्हणाली. "मी कधी गेले नाही ना बघायला."

निघताना आत्याने अभ्रा तिच्या पिशवीत कोंबला. "घे. इथे उशा-अभ्रे सगळं निवासाचंच असतं."

पुढचे काही दिवस ती कामावर गेली आणि आली. टेबलावर एक तयार कवळी पडून होती, दवाखान्याने परत पाठवलेली. जिच्यासाठी केली ती म्हातारी न्यायला यायच्या आधीच गेली होती. अशा कवळ्या वर्षाला दोन-चार परत यायच्या. त्यांचं काही करता येत नाही, जगात दुसऱ्या कुणाच्याच तोंडात त्या बसत नाहीत. एरवी ती अशी कवळी सरळ डब्यात टाकायची. या वेळी हातात घेऊन बसली, आणि जेवणाची सुट्टी झाली तेव्हा तिने बंदूकवाल्याला फोन लावला.

"तो दस्ता दुसऱ्या कुणाला बसेल?"

"तुम्हाला नाही बसायचा. तुमच्यासाठी वळवावा लागेल. नावावर करून घेताय का?"

"न वळवता कुणाला बसेल, ते विचारतेय."

"डावखुरं हवं. उंच. नाजूक हाताचं." मग तो हसला. "एक आहे. बस चालवते. क्लबात सगळ्यांच्या बंदुका मागून उडवते आणि वर नावं ठेवते. परवाना काढलाय, पण मनासारखी मिळत नाही म्हणून बंदूक घेतलेली नाही."

"मला तिला बघायचंय. बंदुकीसकट."

"मग रविवारी या. बंदूक मी घेऊन येतो. पण महिना बुधवारी संपतोय, लक्षात आहे ना?"

"आहे."

क्लब म्हणजे शहराबाहेरचं एक मोकळं मैदान, पत्र्याची शेड, चहाचा थर्मास आणि पाच-सहा माणसं. ती इथे पहिल्यांदाच आली होती. वडिलांनी कधी बोलावलं नाही, तिने कधी हट्ट धरला नाही. शेडच्या खांबाला एक खुर्ची टेकवलेली होती. तिचा एक पाय आखूड होता, खाली लाकडाची चकती घातलेली. कुणी तिथे बसत नव्हतं.

"त्यांची," बंदूकवाला म्हणाला. "बसा."

ती उभीच राहिली.

बसवाली सुट्टीच्या दिवशीही गणवेशाची पँट घालून आली होती. उंच, तिशीतली, खणखणीत आवाजाची. "तुम्हीच का?" ती म्हणाली. "तुमच्या वडिलांची मी रोज थट्टा करायचे. ते माझी बस वापरायचे ना. चढताना म्हणायचे, डावीकडे वळवू नकोस बाई, तिकडे माझे छर्रे पडलेत."

"मला नाही सांगितलं कधी."

"माझ्या हातात मात्र ही कधी दिली नाही. एकदा मागितली, तर म्हणाले, ही तुझ्यासाठी नाही. तसं रागाने नाही म्हणाले."

बंदूकवाल्याने नळ्या उघडून रिकाम्या असल्याचं दाखवलं आणि बंदूक तिच्याकडे दिली, बसवालीकडे नव्हे. तिने ती हातात घेतली. वाटलं होतं त्याहून जड होती. सवयीने उजव्या खांद्याकडे नेली, गाल टेकवला. नळ्या कुठेतरी बाजूला राहिल्या आणि गालाचं हाड लाकडावर आपटलं. वडिलांच्या त्या गालावर रविवारी संध्याकाळी लाल वण असायचा. ती त्याला दाढीचा वण समजायची.

तिने बंदूक बसवालीच्या हातात दिली.

बसवालीने ती उचलली आणि बोलता बोलता गप्प झाली. पुन्हा खाली घेतली, पुन्हा उचलली. "अरे," ती हळूच म्हणाली, बंदूकवाल्याला की स्वतःला ते कळलं नाही. मग काडतुसं भरली, पाय थोडे फाकवले आणि तबकडी सोडायला हाक दिली. मैदानाच्या कडेच्या खड्ड्यातून तबकडी सणसणत वर गेली. आवाज झाला, आणि वर गेलेली तबकडी धुळीचा एक ठिपका होऊन विरली. दुसरी गेली. तीही फुटली. तिसरी चुकली, तेव्हा बसवाली स्वतःलाच शिवी हासडून हसली. चौथी फुटली.

शेडमध्ये चहा ओतणारा माणूस थांबला होता. ही बंदूक अशा लागोपाठ तबकड्या फोडते, हे आता त्या क्लबात असलेल्या कुणी पाहिलेलं नव्हतं.

"ही कुठे होती इतकी वर्षं?" बसवाली वळून म्हणाली. "बोला, किती देऊ?"

"ते तुम्ही दोघं ठरवा," ती म्हणाली. "माझं एक काम आहे. पुन्हा उचलाल का? उडवू नका. नुसती उचला आणि थांबा."

बसवालीने बंदूकवाल्याकडे पाहिलं. त्याने काडतुसं काढून घेतली आणि मान हलवली. बसवाली पाठमोरी उभी राहिली आणि तिने बंदूक उचलली.

ती स्वतः चार पावलं मागे गेली. काडतुसांची पिशवी घेऊन उभं राहणारा माणूस जिथे असेल, साधारण तिथे. तिथून चेहरा दिसत नव्हता. डावा कोपर बाहेर आलेला दिसत होता, वर, खांद्याच्या रेषेत. उजवा हात पुढे पसरलेला. लांब मान जराशी झुकलेली, गाल लाकडाच्या उजव्या अंगाला, जिथे रंग थोडाच गेला होता तिथे. वजन पुढच्या पायावर. लाकूड जसं कापलं होतं तसं त्या लाकडाने बसवालीचं अंग उभं केलं होतं. दुसऱ्या कुठल्याही तऱ्हेने ते उभं राहूच शकत नव्हतं.

वाऱ्याने पाठमोऱ्या बाईचे केस उडाले. ते केस आखूड होते, आणि ते तेवढे बसवालीचे होते. बाकी सगळं ती बघत राहिली.

"हात भरून आले हो," बसवाली न वळता म्हणाली. "झालं का?"

"थोडं थांबा."

ती थांबली. बस चालवणाऱ्या माणसाला थांबायची सवय असते. बंदूकवाला चष्मा पुसू लागला. चहावाल्याने पेला भरून खांबाजवळच्या खुर्चीच्या हातावर ठेवला, सवयीने, आणि मग कुणाच्या खुर्चीवर ठेवला ते ध्यानात येऊन उचलायला गेला.

"असू दे," ती म्हणाली, आणि जाऊन त्या खुर्चीत बसली.

बसवालीने अखेर बंदूक खाली घेतली. खांदा चोळत ती शेडकडे आली. "वडिलांची एवढी आठवण येते?" ती म्हणाली. थट्टा नव्हती. "सांभाळीन मी त्यांची बंदूक. वळवणार-बिळवणार नाही काही."

"त्यांची नाही," ती म्हणाली. "माझ्या आईची आहे."

बोलून झाल्यावर तिने चहाचा पेला उचलला. चहा कोमट झाला होता, तरी तिने तो सावकाश, पुरा प्यायला. तोवर बसवालीने पुन्हा काडतुसं भरली होती. मैदानाच्या कडेला जाऊन तिने हाक दिली, आणि शेडमधली चारही माणसं, वर्षानुवर्षांच्या सवयीने, एकदम उजवीकडे सरकली.